कोरं कपाळ

जिन्याच्या वळणावर धडक बसली आणि अहल्येच्या हातातले खडू पायऱ्यांवरून गडगडत गेले. तिनं वर पाहिलं. समोर गणिताचे हयवदन मास्तर, आणि त्यांचं कपाळ चक्क कोरं! ना अंगाऱ्याची काळी रेघ, ना गोपीचंदनाच्या मुद्रा. बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या या शाळेत तिनं त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

"घरी... कोणी गेलं का?" तिनं धास्तावून विचारलं. त्यांच्यासारख्या कर्मठ घरात सुतकाशिवाय कपाळ मोकळं राहतंय कुठलं!

"छे हो, सगळे खुशाल आहेत." खडू वेचता वेचता ते हसले. "चार वाजता सांगतो."

चार वाजता! चारलाच तिला शाळेच्या कमिटीपुढं उत्तर द्यायचं होतं. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच, एकोणीसशे पंचावन्न साली, तिचा नवरा गेला. त्याला तीन वर्षं झाली. गेल्या जूनपासून तिनं पुन्हा कुंकवाची बारीक टिकली लावायला घेतली, आणि कमिटीच्या पोटात दुखू लागलं. विधवेनं कुंकू लावून वर्गात यायचं नाही. पुसा, नाहीतर नोकरी सोडा! घरात कमावती ती एकटीच. तक्रार या सोवळ्या मास्तरांचीच असणार, असं तिला वाटत होतं... आणि का कोण जाणे, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

"काय ठरवलंत?" चार वाजता चेअरमन प्रतापरावांनी विचारलं.

अहल्येनं मान वर केली. "कुंकू राहणार. शिकवण्यात खोट असेल तर ती सांगा."

"मग राजीनामा—"

"दोन घ्यावे लागतील," म्हणत हयवदन आत आले. "शिक्षकाचं कपाळ कमिटीच्या ताब्यात असेल, तर माझंही घ्या. बघा, पुसूनच आलोय."

प्रतापरावांनी आ वासला. हयवदन, आणि कोऱ्या कपाळानं! आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना गणिताचे मास्तरच राजीनामा देणार! अहल्या तर बघतच राहिली. यांच्यावरच आपण संशय घेतला?

"सरी, सरी... बरं, राहू दे तुमचं कुंकू," प्रतापराव कसेबसे म्हणाले. "पण मास्तर, आधी मुद्रा लावा हो!"

फाटकाबाहेर जकरांडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. तिनं धीर केला. "एक विचारू? शाळेतल्या सगळ्याजणींना तुम्ही अक्का म्हणता. मलाच तेवढं... अहल्याबाई?"

त्यांचे कान लाल झाले. "तुम्हाला अक्का म्हणणं... मला नाही जमत. जमणारही नाही कधी."

तिनं वाकून पायाशी पडलेलं एक फूल उचललं.

"आईला कालच तुमच्याबद्दल सांगितलं," ते खाली बघत म्हणाले. "रात्री जेवली नाही. सकाळी म्हणाली, चल, त्या मुलीच्या घरी जाऊन येऊ. उद्या आलो तर... चालेल?"

तिला हसूही आलं, रडूही. "या ना. पण मुद्रा लावून या हं! नाहीतर सुतक समजून आमची आई दारातूनच परत पाठवेल... आणि मी मात्र वाट बघत बसेन."