कान न चिरलेली कोकरं

त्या शिनेमावाल्याच्या तोंडात माती पडो! दोघांचे कळप एकत्र घालायचे म्हंजे खेळ वाटला व्हय त्येला?

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वेळापूरजवळ आमच्या माळावर शूटिंग लागलेलं. दोन घरांच्या वैराची कथा, आन् त्यात धावायला दोनशे मेंढरं पायजेत. माझ्या आप्पांची, म्हंजे हरिबांची आणली, ती पुरंनात म्हनून धोंडप्पाचीबी आणली. आता त्या दोघांचं नऊ वर्सं बोलणं न्हाय! मालकानं आमाला कबूल केलेल्या रानात धोंडप्पानं आपला कळप बसवला, तवापासनं एकमेकाच्या घरचं पाणीबी बंद.

पयल्या दिसाचं शूटिंग संपलं, तर ही मिसळ! आमच्या मेंढरांचा डावा कान चिरलेला, त्यांचा उजवा; ती निवडली. पण कोकरांचे कान अजून कुटं चिरले व्हते? कोकरू ज्या मेंढीला पिईल, तिचं ते. तवर वाट बघायची. आप्पा माळाच्या ह्या टोकाला, धोंडप्पा त्या टोकाला, आन् मधी मी... आन् धोंडप्पाचा थोरला, मायाप्पा.

"ते आमचं हाय!" मी वरडले.

"आसंल की. पण त्येला तिकडंच ग्वाड लागतंय..."

"दात काढू नगंस!"

"बरं, न्हाय काढत." आन् हसलाच मेला!

तीन दिस शूटिंग, तीन दिस तीच मिसळ. दुसऱ्या दिशी त्यानं घोंगड्याचा कोपरा माझ्याकडं सारला. मी बसले न्हाय. तिसऱ्या दिशी बसले — पाय भाजत व्हते म्हनून... खोटं कशाला बोलू? त्याच्यापाशी बसायचं व्हतं.

"सोमवारी मला बघाय पाव्हणं येणार हायती," मी म्हनले.

त्याचं हसू गेलं. "मग?"

"मग काय? बोल की तुज्या बा संगं!"

"मारंल त्यो मला..." खाली बघून म्हनला, "शिनेमात बरं हाय. शेवटाला दोनी घरं एक हुत्यात."

"पोरगी हिरीत पडून मेल्यावर! मी मेल्यावर तोंड उघडणार हायेस व्हय रं?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. उठले आन् अख्ख्या माळाला ऐकू जाईल असं वरडले, "आप्पा! मला पाव्हणं नगंत! मला ह्यो पायजे!"

शिनेमावालंसुदिक वळून बघाय लागलं. मायाप्पाचा चेहरा पांढराफटक. मग त्योबी उठला. आवाज कापत व्हता, पण म्हनला, "आन् मला ही पायजे!"

दोनी टोकांकडनं दोन काठ्या धावत आल्या.

"धोंड्या, तुज्या पोराला आवर!"

"आदी तुज्या पोरीला आवर, हरिबा!"

"रान चोरणाऱ्याचं पोरगं त्ये!"

"चोरलं? मालकानंच मोकळं हाय म्हनून सांगितलं मला! तू कदी इचाराय आलास?"

"तू कदी सांगाय आलास?"

"तू पाणी बंद केलंस, कसा येऊ?"

भांडण थांबतंय व्हय! काठ्या मात्र कवाच खाली टेकल्या व्हत्या.

मायाप्पानं हळूच माझा हात धरला. "गोजा... बोलाय लागली की गं दोघं!"

माझे डोळे भरून आले, त्याचाबी राग आला मला.

"मग भांडू दे त्येनला पोटभर," मी म्हनले, आन् हात काय सोडवून घेतला न्हाय.