आजोबांच्या वाटीतली गोळी

तोफ कोसळली ती थेट घंटीवाल्याच्या टेबलावर!

तोफ म्हणजे दहावी ‘ब’मधली ती, जिचं तोंड वर्षभरापूर्वी वर्गात उघडत नव्हतं आणि आता बंद होत नव्हतं. घंटीवाला म्हणजे ‘अ’मधला तो, वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपली की टिंग करणारा. आज अंतिम फेरी. नाव पुकारलं, ती खुर्चीतून ताडकन उठली, आणि... हॉलमधले दिवे एकदम लांब लांब गेले.

डोळे उघडले तेव्हा ती शाळेच्या दवाखान्याच्या खोलीत पलंगावर होती. घंटीवाला तिच्या पायांखाली उशा सारत होता.

“हलू नकोस. पाय वरच ठेवायचेत, नर्सबाईंनी सांगितलंय.”

“माझ्या मोज्याला... भोक आहे ना?”

“आहे. अंगठा छान आहे पण.”

धरणी दुभंगावी आणि पलंगासकट आत जावं, असं झालं तिला.

“सकाळी खाल्लंस काय?” नर्सबाईंनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग चक्कर येणारच! सरांना सांगते, तुला शेवटी बोलू देतील.” बाई साखरपाणी करायला बाजूच्या खोलीत गेल्या.

तो खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, “सकाळी नळापाशी तू काहीतरी गिळलंस. मी मागेच होतो.”

“चुगली करणार?”

“नाही. पण तुला आणखी काही झालं तर... तू सांग ना. प्लीज.”

तिने डोळे मिटून घेतले. सांगितलं की भाषण गेलं. आणि ‘पोरगी किती बदलली हो!’ म्हणणाऱ्या सगळ्यांना कळणार, की तोफेचा कागद अजूनही हातात लटलटतो. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. हात थरथरायला लागले म्हणून डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली, तेव्हापासून केसाएवढा स्क्रूसुद्धा ते सहज बसवतात. तिलाही तसेच हात हवे होते. फक्त आजच्यापुरते.

पण तो असा बघत होता... रागावून नाही. काळजीने. त्याचीच जास्त लाज वाटली.

बाई परत आल्या आणि तिने छताकडे बघत सगळं सांगून टाकलं. बाईंनी तिथूनच घरी फोन लावला. आईचा आवाज असा, की फोनची गरजच नाही.

“बाबांची गोळी? अहो, ती त्यांनी माझ्यासमोर घेतली! आजोबांची सापडत नाहीये, सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय त्यांनी!”

झालं होतं ते असं. आई ज्याची त्याची गोळी वाटीत काढून ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवते. आज आजोबा उन्हासाठी पेपर घेऊन बाबांच्या खुर्चीत बसले होते आणि मधेच उठून गेले. लेकीने रिकामी खुर्ची बघून पुढ्यातल्या वाटीतली गोळी उचलली.

“कशाची असते आजोबांची गोळी?” बाईंनी विचारलं.

“लघवीची!” आई म्हणाली. खणखणीत.

तिने चादर डोक्यावरून ओढली.

“हसतोयस तू,” चादरीतून आवाज आला.

“छे!”

“पलंग हलतोय.”

“...थोडंसंच.”

नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. “माणूस घाबरला की अ‍ॅड्रेनलिन दारं ठोठावतं. बाबांची गोळी बीटा नावाची दारं अडवते, म्हणून धडधड कमी, हात स्थिर. आजोबांची अल्फा दारं अडवते. लघवीची वाट सैल होते, पण रक्तवाहिन्याही सैल पडतात. पहिल्यांदाच घेऊन असं ताडकन उठलं, की रक्त पायांत आणि माणूस जमिनीवर.”

“टेबलावर,” तो म्हणाला.

“तू गप्प बस रे!” बाईंनी तिच्या दप्तराच्या कप्प्यातला पंप उचलला. “दमा आहे ना तुला? मग नीट ऐक. बाबांची ती गोळी दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळते. तीच मिळाली असती, तर आज तुझ्या आईला मी वेगळाच फोन केला असता.”

कोणीच हसेना. ती उताणी पडली होती, त्यामुळे आसवं सरळ कानांत गेली.

“पडून राहा. डॉक्टर येताहेत,” म्हणत बाई प्रेशरचं यंत्र आणायला गेल्या.

तो उशीचा कोपरा चुरगाळत म्हणाला, “तू सांगितलंस, म्हणून मीही... मागच्या फेरीत तुझी घंटी मी उशिरा वाजवली.”

“चुकून?”

“मुद्दाम.”

“का?”

“तू बोलत होतीस ना... संपूच नये असं वाटत होतं.”

तिने हसू चादरीत लपवलं, आणि लगेच चादर खाली ओढली. “म्हणजे मी फेरी जिंकले ती...?”

“तेच कळत नाही. तुझ्याकडे बघायचीही लाज वाटते.”

“बावळट!” ती म्हणाली. मग अगदी हळू, “बघ ना पण.”

त्याने बघितलं. दोघांचेही कान लालेलाल.

तेवढ्यात सर दारात. “काय तोफे, भुकेने चक्कर? शेवटचा नंबर ठेवतो तुझा. चालेल?”

तो धडपडत उठला. “सर, मला...”

“नको सर,” ती म्हणाली. “आधी माझं ऐका, मग याचं.”

हात लटलटायला लागलाच. तिने तो लपवला नाही. सरांच्या देखत पुढे केला आणि घंटीवाल्याची बोटं घट्ट धरली.

आणि पाय उशांवर, भोकाचा मोजा दाराकडे... अशी आडवी पडूनच ती बोलायला लागली.