ज्याचं पायताण त्यानंच उचलावं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजांना तोटा नाही. एकाच्या हातातनं निसटलेला पाना दुसऱ्याच्या दारात जाऊन पडावा, इतकी ती खेटून आहेत. पण अण्णाप्पांच्या गॅरेजातला एक नियम दुसरीकडं कुठं बघायला मिळायचा नाही. तिथं भिंतीवर ओळीनं खिळे ठोकलेले होते आणि त्या खिळ्यांना पायताणं लटकत होती. घालायची नव्हेत. पायात सगळ्यांच्या जाड बूटच हवेत, त्या बाबतीत अण्णांनी देवाचंसुद्धा ऐकलं नसतं. पायताण होतं ते खुणेचं. गाडीखाली शिरण्याआधी आपलं पायताण खिळ्यावरून काढायचं, गाडीच्या तोंडापुढं ठेवायचं आणि बाहेर आलं की परत टांगायचं. पुढं पायताण दिसलं म्हणजे खाली माणूस आहे, जॅकला हात लावायचा नाही. संपला विषय.

दीक्षा शिकायला आली त्या दिवशी अण्णांनी तिच्यासाठीही नवं करकरणारं पायताण आणलं होतं.

"ह्ये तुझं. दुसऱ्याच्या पायताणाला तू हात लावायचा न्हाईस, तुझ्याला दुसरा कोण लावणार न्हाय. ज्याचं पायताण त्यानंच उचलायचं. कळलं?"

"कळलं की. त्यात काय एवढं अवघड हाय?"

"अवघड न्हाय म्हणूनच माणसं इसरत्यात," अण्णा म्हणाले.

मलकापूरची ही बाई हातात पाना धरणार म्हटल्यावर शेजारच्या गॅरेजवाल्यांनी चहाच्या टपरीवर भरपूर दात काढले. तिनं ते काही मनावर घेतलं नाही. नवरा गेल्यापासून लेक मैत्री मलकापूरला आजीजवळ होती आणि दीक्षा इथं एका खोलीत. लेकीला तिनं शब्द दिला होता, की काम कायम झालं की तुला न्यायला येतो. पोर रोज फोनवर तेवढंच विचारायची, "आई, झालं का कायम?" त्यावर रोज नवीन काय सांगायचं? मग दीक्षा जीव तोडून शिकायची. आधी बॅटरीची वायर काढायची. अंगठी-बांगड्या घरी, ओढणी गेटाच्या बाहेर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मान घालायची नाही, गाडी पेलायला लोखंडी घोड्या लावायच्या म्हणजे लावायच्याच. सगळं कसं तोंडपाठ झालं होतं.

आणि आज तिची परीक्षा होती. शिरोळच्या हंबीररावांची पिकअप आली होती. मागचे ब्रेक एकटीनं करायचे आणि गाडी एकटीनं खाली घ्यायची. जमलं तर कायम, असं अण्णांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

काम बिनबोभाट झालं. चाकं बसवून, नट आवळून ती बाहेर आली. आपलं पायताण खिळ्याला टांगलं, जॅककडं वळली आणि जागीच थांबली.

पिकअपच्या तोंडापुढं पायताण होतं.

काळं पडलेलं, जुनं, तळाला टायरचा तुकडा मारलेलं. टाचा बाहेरच्या बाजूला, अंगठे गाडीकडं. तिनं भिंतीकडं बघितलं. तिचं खिळ्याला होतं. अण्णांचं होतं. अण्णांचा पुतण्या अनेकांत, वायरिंगचं काम बघणारा, त्याचंही होतं.

"खाली कोण हाय?" तिनं विचारलं.

ती आडवी झाली, टॉर्च मारला. या चाकापासून त्या चाकापर्यंत मोकळी जमीन, तेल शोषायला तिनंच सकाळी पसरलेला लाकडाचा भुसा, बाकी काही नाही.

"अनेकांत, ह्ये कुणाचं रं?"

"माझं न्हाय बाई. माझं त्ये काय टांगलंय."

"पावणं, तुमचं का?"

हंबीरराव बाकड्यावर चहा पीत होते. त्यांनी बूट घातलेला पाय वर करून दाखवला. "माझं कशाला आसंल? ओ बाई, सोडा की गाडी. दूध थांबलंय माझं तिकडं."

अण्णा गेटाबाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. आता त्यांना हाक मारायची, तीही परीक्षेच्या दिवशी, एका फाटक्या पायताणापायी? खाली तर कुणी नाही, आपण डोळ्यांनी बघितलंय. तिनं वाकून ते उचललं.

ऊबदार होतं. तिथं ऊन येत नव्हतं, फरशी गार होती, आणि पायताण आतून ऊबदार होतं, किंचित ओलसर. नुकतंच कुणीतरी पायातनं काढावं तसं. तिनं ते घाईघाईनं कॉम्प्रेसरजवळ ठेवलं आणि हात पॅन्टला पुसले.

जॅक चढवून तिनं घोड्या काढल्या, मग हळूच सैल सोडला. गाडी सरसर खाली आली. अगदी शेवटी, चाकं टेकायच्या बेतात असताना, मधेच थांबल्यासारखी झाली. जॅक तर पुरता बसलेला दिसत होता. मग गाडी टेकली.

"घेतलीस खाली?" अण्णा आत येत म्हणाले. त्यांनी पिकअप रस्त्यावर पळवून आणली, कचकचून ब्रेक दाबून बघितले आणि हंबीररावांच्या हातात किल्ली दिली. गाडी गेल्यावर ते दीक्षाकडं वळून हसले. "झालीस तू कायम. कळव जा लेकीला."

पोर फोनवर अशी किंचाळली, की दीक्षाला फोन कानापासून लांब धरावा लागला. "उद्या येतो गं राणी. कपडे भरून ठिव," ती म्हणाली. डोळे पुसून आत आली ती हवेत तरंगतच.

पिकअपच्या मोकळ्या जागी अनेकांत उभा होता, खाली बघत.

भुशात माणूस उमटला होता. डोकं, खांदे, पाठ, टाचा. उताणा, पाय लांब केलेला.

"तूच झोपलीवतीस की खाली," अनेकांत म्हणाला, पण त्याचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

"मी चाकं लावलेल्या सरकत्या फळीवर हुतो. आन् ह्यो माझ्यापरीस केवढा लांब हाय बघ की."

भुशात येणारं पाऊल नव्हतं, जाणारंही नव्हतं. दीक्षाला काही उमगेना. टॉर्च मारला तेव्हा भुसा सपाट होता, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. होता ना सपाट? आता तेही धड आठवेना.

अण्णांचं लक्ष मात्र भुशाकडं नव्हतं. ते कॉम्प्रेसरकडं बघत होते.

"ह्ये हितं कुणी ठेवलं?"

"मी. गाडीम्होरं हुतं. खाली कोण न्हवतं अण्णा, मी बघितलं."

"बघितल्यावर दिसतंयच आसं कुठं हाय?"

असं काही अण्णा कधी बोलायचे नाहीत. तोंड गोड, नाहीतर शिवी, मधलं काही त्यांच्याकडं नव्हतंच. आता ते नुसते उभे होते, हाताचं ग्रीस पुसायचंही विसरून.

"कुणाचं हाय त्ये?" तिनं विचारलं.

"तू उचललंस. आता त्याला खूण ऱ्हायली न्हाय," एवढंच म्हणून ते मोरीकडं निघून गेले. अनेकांतनं झाडू घेतला आणि भुसा गोळा करून टाकला.

जेवणं उरकून बघतात तर कॉम्प्रेसरजवळ पायताण नव्हतं. "नेलं आसंल कुणीतरी. ब्याद गेली," अनेकांत म्हणाला. दीक्षालाही हायसं वाटलं. पण कोण आलं, कधी आलं? गेट तर समोरच होतं, आणि तिघंही तिथंच जेवत बसले होते.

दुपारी एक पांढरी गाडी आली. सायलेन्सर हादरत होता, चार बोल्ट आवळायचं काम. दीक्षानं घोड्या लावल्या, गाडी हलवून बघितली. आपलं पायताण खिळ्यावरून काढलं, गाडीच्या तोंडापुढं नीट ठेवलं आणि फळीवरून आत सरकली.

दोन बोल्ट आवळले. तिसऱ्याला पाना लावला.

गाडीच्या तोंडाशी दोन पाय येऊन थांबले.

अनवाणी. टाचांना भेगा, नखांत तेल, आणि त्यावर भुशाची पिवळी पूड चिकटलेली.

"कोण हाय?" ती म्हणाली.

उजवा पाय उचलला गेला आणि तिच्या पायताणात शिरला. मग डावा.

पायताण करकर वाजत निघून गेलं.

"ए! माझं हाय त्ये!" ती ओरडली. फळी मागं रेटली, ती हलेना. पाना फरशीवर आपटला. पाना आपटल्याचा आवाज झाला नाही.

बूट आले. अनेकांतचे. तो गाडीपुढं घुटमळला, मग गुडघ्यावर बसून वाकला. टॉर्चचा झोत सरळ तिच्या डोळ्यांवर पडला.

"अनेकांत! मी हितं हाय! अरं, हितं!"

तो तिच्याकडंच बघत होता. झोत तिच्या तोंडावरून पुढं सरकला, मागच्या चाकापर्यंत जाऊन परत आला.

"खाली कोण न्हाय अण्णा," तो म्हणाला. "घेतो मी गाडी खाली."

जॅकची चाकं घरघरत जवळ आली.

गेटाकडून अण्णांचा आवाज आला. सकाळी हसले होते तसाच मोकळा आवाज.

"काय गं, निघालीस व्हय एवढ्यात?"

आणि त्यांना उत्तर आलं. मलकापुरी हेल, तोच बारीक घोगरेपणा. दीक्षानं स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता.

"व्हय अण्णा, जातो की. उद्यापतूर कशाला थांबू? पोरगी वाट बघत बसली आसंल."