कोरे डोळे

"तिला सांगू नका. आजही ती एकटीच निजणार आहे," सासूबाई स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाल्या. सुनीतीने ते ऐकलं आणि कमरेवरची कळशी अलगद खाली ठेवली. सांगलीहून मद्रासला, मैलापूरच्या या तंजावरी मराठी घरात येऊन तिला तीनच आठवडे झाले होते. नवरा, विद्याधर, रेल्वेत, आठवडाभर रातपाळी.

पण चुलतसासरे व्यासराजकाका यांच्या पोटात गोष्ट राहायची नाही. १९५८ सालची, कार्तिकातली अमावास्या. रात्रीचे पावणेनऊ. वीज गेली, पोरं ओट्यावर जमली, सुनीती उंबऱ्याशी टेकली आणि काकांनी अडकित्ता हातात घेतला.

"माझा सोबती जनकोजी. तंजावरची जुनी चित्रं नीट करायचा. एका शुक्रवारी एक घरी आणलं. देवळात शंकर, समोर हात जोडून राजा. सोन्याचा वर्ख सुटलेला, दोघांचे डोळे पुसलेले."

"मग?" धाकटी नणंद चंद्रिका.

"डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, म्हणजे बुबुळं रंगवायची. आधी देवाचे, मग राजाचे. देवाचे तर पाठमोरं बसून, आरशात बघत. पहिली नजर आरशाने झेलायची. माणसावर पडली, तर माणूस आंधळा. जनकोजीने घाई केली. राजाचे उघडले, देवाचे उद्यावर टाकले."

अडकित्ता थांबला.

"रात्री दोनला जाग आली. उशाशी कोणी उभं... अनवाणी. हात जोडलेले. म्हणालं, मला तो दिसतो. त्याला मी दिसत नाही... उघड."

"उघडले?"

"आरसा हाताशी नव्हता. पळाला. चित्र आपल्याकडे टाकून गेला. देवाचे डोळे अजून कोरेच. चित्राच्या खोलीत जो एकटा निजेल, त्याच्याकडे..."

सासूबाई खाकरल्या. काकांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

सुनीतीच्या खोलीकडे कोणीच बघितलं नाही. इतकं ठरवून, की तिला कळलंच. पलंगासमोरचं ते चित्र ती रोज सकाळी पुसायची.

कुठेतरी कंदिलाची काच किणकिणली.

"काका, कोरे नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज त्या घराने नीटसा ऐकलाच नव्हता. "कालपर्यंत होते. आज सकाळी पुसायला गेले, तर उघडे. माझी काजळाची डबी रिकामी आहे... आणि आरसा उशाशी होता. तडकलेला."