मी धरतो, तू काढ

बस थेरॉन, शेगडीजवळ बस. आधी बूट काढ, सगळा चिखल करून ठेवलास. हा मासेवाल्यांचा क्लब आहे, तुझ्या सासऱ्याचा गोठा नाही.

गेल्या शनिवारी गोठलेल्या तळ्यावर तू मला म्हणालास, "लेलँड, तुमचा मासा खालीच धरा, मी भराभर काढतो." आणि मी तुझ्या अंगावर खेकसलो, माझी दोरीच कापून टाकली. सगळे हसले. म्हातारा सटकला म्हणाले असतील. म्हणू देत. पण पुढच्या हिवाळ्यापासून वाटेची झाडं तुझ्या ताब्यात येणार, तेव्हा तुझ्या कानावर घातलेलं बरं. बाहेर धुकं उतरलंय, दुपारी चारलाच कंदील लावावा लागलाय, आणि खरं सांगू का, आज मला एकट्याला बसवत नाही.

पांढऱ्या बास माशाची जात तुला माहीतच आहे. पर्च बिचारा एका जागी पडून असतो. बास म्हणजे नुसता भटक्या! झुंडीनं येतो, पाच मिनिटं बर्फात पाडलेल्या भोकाखाली धुमाकूळ घालतो, आणि तू गळाला चारा लावेपर्यंत पसार. म्हणून आमच्या बिटर्न तळ्यावर जुनी पद्धत होती. दोघांनी शेजारी बसायचं. एकाच्या गळाला मासा लागला की त्यानं तो वर घ्यायचा नाही, खालीच लोंबकळत ठेवायचा. तो तिथं धडपडतो आणि बाकीची झुंड त्याच्याभोवती घुटमळत राहते. सोडून जात नाही. दुसऱ्यानं तेवढ्यात काढत सुटायचं.

धरणाऱ्याच्या वाट्याला एकच मासा, त्यामुळे धरायला कोणी तयार नसायचं. माझा भाऊ एल्डन मात्र कायम धरायचा. "मी धरतो, तू काढ," हे त्याचं ठरलेलं. नंतर नंतर तोंडानं म्हणायचाही नाही. हात लांब करून माझ्या दोरीला दोन हिसके द्यायचा. टक, टक. म्हणजे काढ.

पंधरा वर्षं झाली त्याला जाऊन. बर्फातल्या मोठ्या भेगेपाशी, दिवसाढवळ्या, तीन वाजता. टोपी सापडली, बर्फाला भोक पाडायचं गिरमिट सापडलं. तो सापडला नाही. पाणबुडे येऊन गेले, उन्हाळ्यात पुन्हा शोधलं. काही नाही.

त्याची बायको वर्ना. एल्डन होता तोवर ती तळ्याकडे फिरकायची नाही, त्याचे कपडेसुद्धा अंगणातच उतरवायला लावायची. तो गेला आणि बाई रोज बर्फावर जायला लागली. पाद्र्यानं सांगून पाहिलं, तिच्या बहिणीनं सांगितलं, मी तर किती वेळा भांडलो. "शुक्रवारी ताटात मासा चालतो ना तुला? मग खा गुपचूप," म्हणायची. एल्डनमागे माझं असं तेच एक माणूस होतं रे. तिला काही झालं असतं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं?

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मार्च लागला होता, बर्फ करडा पडला होता, आणि झाडं काढायची पाळी माझी होती. लोक नाताळची झाडं टाकून देतात, ती आपण धक्क्यापासून मासेमारीच्या जागेपर्यंत शंभर-शंभर पावलांवर रोवतो. धुक्यात माणूस या झाडावरून त्या झाडाकडे चालत घरी येतो. त्या वर्षी बारा होती. काढायचा नियम काय, तुला पाठ आहे. शेवटचं झाड आधी. लांबचं काढायचं आणि घराकडे यायचं, म्हणजे घरची वाट शेवटपर्यंत उभी राहते.

मी उलटं केलं. कंबर धरली होती. म्हटलं, किनाऱ्याजवळची निघतील तेवढी काढू, बाकीची उद्या. धक्क्यावर एकही गाडी नव्हती, आत कोणी असेल असं वाटलंच नाही. एकेक उपटून जागच्या जागी आडवं टाकत गेलो, परतताना सोबतच्या घसरगाडीवर घालून नेईन म्हणून. एक झालं, दोन झाली, अजून एक, अजून एक करत अकराव्यापर्यंत पोचलो. मागे वळून बघतो तर धुकं माझ्या पाठोपाठ आलेलं. किनारा नाही, क्लब नाही, काही नाही.

तेव्हा आवाज आला. चपक... चपक... मासा बर्फावर आपटल्याचा.

बाराव्या झाडापाशी वर्ना पालथ्या बादलीवर बसली होती. हातमोजे काढलेले, बोटं लालभडक. आणि तिच्याभोवती बास, थेरॉन. किती ते सांगता यायचं नाही. ढीगच्या ढीग. वास सुटला होता, मासळीचा नव्हे, तळाच्या गाळाचा.

"अगं बाई, वेड लागलं का तुला? चालत आलीस?"

"हळू बोल," ती म्हणाली. "झुंड उभी आहे. दुपारपासून उभी आहे."

"दुपारपासून? बास पाच मिनिटं थांबत नाही."

"त्यानं धरलाय," वर्ना म्हणाली. अगदी सहज, नवरा पाणी भरतोय म्हणावं तसं.

पाण्याखालचं दाखवणारं तिचं यंत्र होतं शेजारी. मी वाकून पाहिलं. तळापासून वरपर्यंत मासेच मासे. आणि तळाशी एक जाड रेघ. बाकी सगळं वळवळत होतं, ती रेघ हलत नव्हती.

तिच्या बादलीशेजारी दुसरं भोक होतं. कडा ताज्या, बर्फाचा भुसा अजून पांढरा. भोकापाशी पालथी बादली, आणि बादलीवर गुंडाळून ठेवलेली दोरी.

"हे कोणासाठी पाडलंस?"

"मी नाही पाडलं. माझ्याकडे गिरमिट कुठाय? मी आले तेव्हा दोन्ही होतीच की." मग माझ्याकडे बघून हसली. तीन वर्षांनी हसली होती. "तुझ्यासाठी असेल. बस ना."

आणि मी बसलो! आता तू म्हणशील, गाढवासारखा बसलास कसा? मलाही तेच कळत नाही. पळायचं सोडून मी दोरी सोडली. ती तळाला टेकते न टेकते तोच... टक, टक.

मासा लागला की दोरी थरथरते, ओढते. हे तसं नव्हतं. मला माझ्या भावाचा हात कळतो, थेरॉन. मी रडायलाच लागलो. "एल्ड्या," म्हटलं, "अरे एल्ड्या..." आणि काढला. बास. पुन्हा सोडली. टक, टक. काढला. पुन्हा. किती वेळ गेला कोण जाणे. थंडी वाजत नव्हती, कंबर दुखत नव्हती. इतकं बरं मला त्या तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

मध्येच पायाला गार लागलं. बघतो तर पाणी घोट्याच्या वर. भोकातून वर येत होतं, कसलाही आवाज न करता. बर्फ आमच्याखाली बसत चालला होता. वर्नाच्या बादलीभोवती मेलेले मासे तरंगत होते, आणि तिचं लक्षही नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अख्खा जन्म मी तेच करत आलो होतो आणि मला कळलं नव्हतं. एकाला खाली धरून ठेवायचं. म्हणजे बाकीचे सोडून जात नाहीत. त्याच्याभोवती घुटमळत राहतात. वर्ना तीन वर्षं घुटमळत होती, आता मीही येऊन बसलो होतो. एल्डननं काही धरलं नव्हतं रे... त्यालाच धरलं होतं.

मी दोरी झटक्यानं वर ओढली. गळ रिकामा आला, भोकातून उसळला आणि इथं, ओठाच्या कोपऱ्यात घुसला. उपटून काढला, आणि सुरी घेऊन वर्नाची दोरी कापली.

तिनं फाडकन माझ्या थोबाडीत दिली. मग माझ्या कोटाला धरून ओरडायला लागली, "तो खाली एकटा आहे रे! एकटा आहे तो!" उचलली, घसरगाडीवर टाकली, दोर खांद्याला लावला आणि पहारीनं पुढचा बर्फ ठोकून बघत निघालो.

दहा पावलं गेलो असेन. समोर धुक्यात झाड दिसलं. उभं.

"ते बघ, वाट!" वर्ना म्हणाली. "ते बघ, पुढे अजून एक."

खरंच होतं. रांगच्या रांग. आपली झाडं मार्चपर्यंत वाळून काड्या होतात. ही हिरवीगार होती. एकाच्या फांदीला नाताळची चंदेरी झिरमिळी अडकलेली, आणि सगळ्यांतून पाणी गळत होतं. टप... टप... झाडांमागून, अगदी साध्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"लेलँड, मी धरतो."

पुढचं बोललं नाही. वाट बघत राहिलं.

"वर्ना," मी म्हटलं, "डोळे मीट. माझी झाडं आडवी आहेत. उभी आहेत ती माझी नाहीत."

मी गुडघ्यांवर बसलो आणि हातानं चाचपत निघालो. धुक्यात आडवं झाड शंभर पावलांवरून दिसत नाही, पण उपटताना माझ्या अंगावर, घसरगाडीवर पडलेल्या वाळक्या सुया वाटभर सांडत आल्या होत्या. त्या ओल्या सुया बोटांनी शोधत, बर्फ ठोकत, एका आडव्या झाडापासून दुसऱ्यापर्यंत. नियम मोडला नसता आणि झाडं उभीच असती, तर कोणती खरी हे मला कधी कळलं नसतं. माझ्या आळसानं वाचवलं आम्हाला, लिहून ठेव पाहिजे तर. धक्क्याला लागलो तेव्हा अंधार पडला होता, आणि मागं सगळं तळं कण्हल्यासारखं फुटत होतं.

महिन्याभरात मी वर्नाला तिच्या बहिणीकडे न्यू मेक्सिकोला लावून दिलं. वाळवंट. बादलीभर पाण्यापलीकडे पाणी नाही. बारा वर्षं सुखात आहे बाई, मिरच्या पिकवते.

मग मी का नाही गेलो? हाच प्रश्न ना? तीनदा घर विकायला काढलं, तीनदा सामान भरलं. गाडी हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत जाते, आणि तिथून मी वळवतो. कोणी अडवत नाही. वळवावीशी वाटते, एवढंच.

आणि हा ओठ बघ. कंदील जवळ आण. बारा वर्षं झाली, भरतच नाही. तीन डॉक्टर झाले. एरवी काही नसतं. पण मार्चमध्ये असं धुकं पडलं की कोपरा ओढला जातो. दोनदा. आज सकाळपासून ओढला जातोय.

काल वर्नाचा फोन आला होता. म्हणाली, विमानाचं तिकीट काढलंय, उद्या येते. मी म्हटलं, मुळीच येऊ नकोस. चिडलो, शिव्या दिल्या, फोन आपटला. तिनं पुन्हा केला. काय म्हणाली माहितीये? "असं कसं, लेलँड? तू तिथं एकटा आहेस ना रे."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मला वाटत होतं, मी तिला सोडवून आणलं. मी कोणाला सोडवलं नाही, थेरॉन. फक्त धरलेला माणूस बदलला.

म्हणून तुला बोलावलं. ती आली की दार तू उघडायचं. लेलँड गेला म्हणून सांगायचं, गाव सोडून गेला, पत्ता ठेवला नाही. मी मागच्या खोलीत बसतो. शिव्या देईल, रडेल, पण परत जाईल. एवढं करशील ना?

...थांब. गाडी आली.

दाराशी का थांबत नाहीये? थेरॉन, ती दाराशी थांबत नाहीये. सरळ धक्क्यावर चाललीय... उतरली. वर्ना! ए वर्ना! काच वाजव, जोरात वाजव! ती बघतसुद्धा नाहीये इकडे. समोर बघत चाललीय.

ती झाडं तुलाही दिसतायत का? सगळी उभी?

मी सकाळीच काढली होती रे. शेवटचं आधी, नियमानं. बाराच्या बारा मागच्या पडवीत पडलीत.

पहार दे इकडे. नाही, तू यायचं नाहीस. मला जायलाच हवं, तिचं दुसरं कोण आहे? तू दारातच उभा राहा आणि कंदील हलवत राहा. आणि नीट ऐक. तिकडून मी तुला हाक मारेन. अगदी माझ्याच आवाजात मारेन, रडून मारेन, एकटा आहे म्हणेन...

खाली उतरू नकोस.