हौदाचं कुलूप

"कुलूप कुणी ठोकलं हे?" हौदाच्या फाटकावर काठी आपटत जयवंता ओरडली, अन् आतून एक तोंड वर आलं. ओलं, निथळणारं, हसरं.

"माझ्या दादानं. किल्ली मात्र माझ्यापाशी हाय," भुजंग म्हणाला.

"मंग जल्दी उघडा की! मेंढरांनी माना टाकल्यात."

"तू एकदा हस... मंग उघडतो."

"मी हसले तर किल्ली पडंल तुमच्या हातातून."

ती हसली नाही. त्यानं उघडलं. मग रोजच चोरून उघडू लागला — नजर तिच्यावर, हात कुलपावर.

दादा म्हणजे काकासाहेब, अंबडच्या नगर कमिटीवर नुकताच निवडून आलेला. निजामाच्या राज्यात मत फक्त घरपट्टी भरणाऱ्यांना. धनगरवाड्यातल्या ज्या मोजक्या घरांना ते होतं, त्यांनी त्यालाच दिलं. कारण त्यानं खंडोबाचा बेल-भंडारा उचलून शपथ घेतली होती, सरकारी हौद मेंढरांना खुला करीन म्हणून. निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं, तर कुलूप! स्वतःच्या मोसंबीच्या बागेला पाणी पाहिजे ना!

पण चोरीचं पाणी किती दिवस प्यायचं? पारावर सभा बसली. जयवंताच्या बापानं, रखमाजीनं, भर सभेत शपथेचं विचारलं.

पान चघळत काकासाहेब म्हणाला, "शपथ? कसली? तुमची माणसं सोडून कुणी पाहिली असंल तर आणा."

सभा गारठली. देवाच्या नावाची शपथ माणूस अशी गिळतो? जयवंताचा कानांवर विश्वास बसेना.

"मी पाहिली," मागून आवाज आला. "भंडाऱ्याचं ताट माझ्याच हातात होतं, दादा."

भुजंग! सख्खा भाऊ!

"माझा उंबरा चढू नको पुन्हा!" काकासाहेब गरजला.

भुजंग तिथूनच वळला. सरळ हौदाकडं निघाला, अन् अख्खी सभा त्याच्या मागं. अडवायची काकासाहेबाची छाती झाली नाही. फाटक उघडलं, मेंढरं पाण्यावर तुटून पडली. काढलेलं कुलूप हातात धरून तो काठावर तसाच उभा.

"आता... कुठं जाल?" जयवंतानं हळूच विचारलं.

"तूच सांग."

"मेंढरं हाकता येतात?"

"बिलकुल न्हाई. पण शिकीन. वचन देतो—"

तिनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तुमच्या घरातलं वचन नगं बाई! ही काठी धरा."

अन् ती हसली — पहिल्यांदाच, खळखळून.

भुजंगच्या हातातलं कुलूप किल्लीसकट हौदात पडलं.