राखेवरच्या तिरप्या रेघा

"परवा सकाळी डोंगर पेटवायचा! ठरलं म्हणजे ठरलं!" मच्छिंद्रकाका पारावर चढून गरजला.

दिशा गर्दीतून पुढे सरकली. आठ दिवसांत वस्तीत तीन फुरशी निघाली होती. हातभरही लांब नसतो तो साप, पण चावला तर रक्त थांबत नाही. दिशा तर अंथरुणावरून पाय खाली टाकायलाही भ्यायची.

पण म्हणून डोंगर जाळायचा? बारा वर्षं गावानं कुऱ्हाडबंदी पाळली, तेव्हा कुठे त्या बोडक्या टेकडीवर रान उभं राहिलं. शाळेच्या हेलनबाईंनी सुट्टीत मोजणीचं काम दिलं होतं. जुन्या देवराईत साप, सरडे, बेडकांच्या किती जाती आणि नव्या रानात किती? दिशा आणि बाईंचा मुलगा नोहा यांना देवराईत सतरा सापडल्या, नव्या रानात नऊ. नऊ! जिथं पूर्वी पालसुद्धा उपाशी मेली असती!

"आक्का, साप का आले ते आम्ही शोधतो. उद्याचा दिवस द्या," ती कशीबशी बोलली.

"रानातनं आले, दुसरं काय! लई शहाणी झालीस!" काका खेकसला.

सरपंच आक्काबाईंनी पदर खोचला. "मच्छिंद्रा, एका दिवसात तुझी काडेपेटी सर्दावत न्हाई. जावा रे पोरांनो."

दुसऱ्या दिवशी नव्या रानात पाऊल टाकताच नोहा थबकला. "दिशा, पाला कुठे गेला?"

आधी तिथं घोटाभर पाचोळा होता. उचलला की सापसुरळी सळकन पळायची, खालच्या ओलीत बेडूक दबून बसलेला असायचा. आता जमीन उघडी! मातीवर दाताळ्याचे ओरखडे आणि पायथ्याशी टेम्पोच्या चाकांचे ठसे.

"राब!" दिशा ओरडली. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर पाला जाळतात, तो राब. जो तो आपल्या बांधावरचा पाला आणतो. काकाच्या घरामागे मात्र माणूसभर उंच ढीग होता!

"सापांचं घरच उचलून आणलंय," नोहा पुटपुटला. "घरासकट आलेत ते!"

"काकाला सांगायला गेलो तर आपल्यालाच बडवेल."

"मग दाखवू की! राखेवर माग उमटतो."

ऊन कलल्यावर दोघांनी सुपानं चुलीतली राख ढिगाभोवती उधळली. दुसरा पट्टा डोंगराकडच्या वाटेवर.

"नोहा, आत काहीतरी खरखरतंय!"

"वारा असेल."

"वारा पडलाय रे!"

दोघं जे पळाले!

सकाळी डोंगराकडची राख कोरी होती. ढिगाभोवतीच्या राखेवर मात्र तिरप्या रेघा उमटल्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या; फुरसं असंच तिरकं सरकतं. एक माग थेट काकाच्या मागच्या दारात गेलेला!

दिशानं आत डोकावलं. पडवीत काकाची दहा महिन्यांची लेक संस्कृती रांगत होती. समोर हंड्याजवळ वेटोळं. खर्रर्र... खर्रर्र... खवले घासल्याचा आवाज! बाळ हसत त्या आवाजाकडेच निघालं. काका आतल्या दारात खांबासारखा उभा.

पळ, दिशा! तिचं मन ओरडलं. ती पळाली, पण आत! मागून जाऊन तिनं बाळाला कवेत उचललं. त्याच क्षणी नोहानं अंगणातलं घमेलं सापावर पालथं घातलं. ठण्ण!

वस्ती गोळा झाली. आक्काबाईंनी दोन्हीकडची राख वाकून पाहिली. मग ढिगातलं एक पान उचललं.

"मच्छिंद्रा, हा पाला कुठला?"

"बां... बांधावरचा."

"तुझ्या बांधावर दोन आंबे हायेत. ह्यो तर वरच्या रानातल्या ऐनाचा न् हिरड्याचा!"

"डोंगरावरचा," काका पुटपुटला.

"डोंगर पेटणार न्हाई!" आक्काबाई कडाडल्या. "सर्पमित्राला बोलवा, त्यो ढीग उपसंल. मग सगळा पाला तूच वर न्यायचा. डोक्यावर! टेम्पो न्हाई मिळायचा!"

काकानं पुढे होऊन संस्कृतीला घेतलं. "पोरी, मी नुसता बघत राहिलो गं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दिशाचे हात अजून लटलट कापत होते. ती ते पाठीमागे लपवू लागली. आक्काबाईंनी ते पुढे ओढून आपल्या खरबरीत हातांत घट्ट धरले.

"कापू दे की! भिऊन काडी ओढणारे लई बघितले. भिऊनबी राख पसरून माग काढणारी ही दोनच!"